पहिली खुर्ची

आमच्या हौशी वाद्यवृंदाचा सराव पोहण्याच्या जुन्या तलावात चालतो. पाणी कधीच काढून टाकलंय. निळ्या फरशांच्या तळाशी आम्ही खुर्च्या मांडून बसतो. छताच्या काचांतून ऊन खाली उतरतं, सूर भिंतींवरून घरंगळत परत येतात आणि कुठला कुणाचा तेच कळेनासं होतं. मला तर तिथे जागेपणीच झोप लागल्यासारखं वाटतं.

क्लॅरिनेटच्या पहिल्या, म्हणजे मुख्य वादकाच्या खुर्चीवर माझे सासरे, दुसरीवर मी. बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. बोटं अजून तयार, पण दम पुरेना. शेवटच्या संथ रचनेत एक तुकडा त्यांना एकट्याला वाजवायचा होता, आणि सूर दर वेळी मध्येच विझायचा.

वाद्यवृंद चालवणाऱ्या बाईंनी मला जिन्यात गाठलं. "तुम्ही शेजारून हळूच वाजवा. त्यांना कळू देऊ नका. नाहीतर मला खुर्ची बदलावी लागेल."

खुर्ची गेली असती तर बाबांनी अंथरूणच धरलं असतं. मी मान डोलावली आणि मनातल्या मनात बाईंचा उद्धार केला.

मग तो तुकडा कधी तुटला नाही. बाबा खुशीत घरी यायचे. चहा ढवळताना मात्र कुरकुरायचे, "आज वळणावर मी घाई केली गं." पुढच्या सरावानंतर, "शेवटचा सूर मी फार लवकर सोडला." घाई माझी असायची, सूर सोडायचे तेही मीच. बिचाऱ्यांना माझ्या चुका स्वतःच्या वाटतात, या विचाराने मला भरून यायचं. मी गुपचूप त्या सुधारायचे.

कार्यक्रमही तिथेच झाला. श्रोते काठावर पाय सोडून बसले होते. बाबांचा तुकडा आला. मी हळूच वाजवायला लागले आणि सहज बाजूला पाहिलं. त्यांचे गाल सपाट होते. ते फुंकतच नव्हते. बोटं तेवढी फिरत होती, माझ्या किंचित पुढे, आणि वळणाशी येताच ती मुद्दाम संथ झाली.

म्हणजे बाबांना सगळं ठाऊक होतं. इतके दिवस चहा ढवळत ते मला शिकवत होते. माझे डोळे भरून आले, पण शेवटचा सूर मी लवकर सोडला नाही.

टाळ्या पडल्या. बाईंनी बाबांना उभं राहायची खूण केली. ते जागचे हलले नाहीत.

"सूनबाई, गुडघा धरलाय मेला. जरा हात दे."

मी उठून हात पुढे केला. तो त्यांनी धरलाच नाही. बसल्या जागेवरून तेही टाळ्या वाजवू लागले.