वजीरभाईंनी पान पुसलं

"चाचा, आपलं पान उघडून बघता का जरा? मला सगळं रिकामं दिसतंय," श्रद्धा फोनवर म्हणाली.

"रिकामं न्हवं, सोच्छ हाय," वजीरभाई शिकलगार समाधानानं म्हणाले. "काल सांजच्याला मीच पुसून ठिवलंय. आता आजपासनं खुशाल लिवा."

पलीकडून काहीच आवाज येईना. वजीरभाईंना वाटलं, रेंज गेली. लोणंदच्या त्यांच्या गल्लीत रेंजचं आणि नळाच्या पाण्याचं सारखंच, आली म्हणेपर्यंत जाते. ते फोन घेऊन दारात आले. पण रेंज होती आणि श्रद्धाही होती. ती पान पुन्हापुन्हा खालीवर सरकवून बघत होती, इतकंच.

आता यात वजीरभाईंचा दोष म्हणावा तर आहे, नाही म्हणावं तर नाही. उभा जन्म त्यांनी कांदा बाजारात फळा लिहिण्यात घालवला. लिलाव झाला की भाव खडूनं लिहायचा आणि संध्याकाळी घरी निघण्याआधी ओल्या फडक्यानं फळा पुसायचा. अक्षर असं की पलीकडच्या रस्त्यावरून भाव वाचता यावा. पण लिहिण्यापेक्षा पुसण्यात ते जास्त कडक. कालचा भाव आज फळ्यावर राहिला, तर पहाटे ट्रॉली घेऊन आलेला माणूस त्याच्यावर विसंबतो आणि फसतो, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा तर तापानं फणफणलेले असताना केवळ फळा पुसायला उठून गेले. त्यांची बायको नूरजहां तेव्हा म्हणाली होती, एवढं होतं तर फळ्याशीच निकाह लावायचा होता.

निवृत्त झाल्यावर हातांना काम उरलं नाही. तेवढ्यात सांगलीला कांद्यावर संशोधन करणाऱ्या श्रद्धानं हे पान काढलं. इंटरनेटवरचं एकच पान, पण सगळ्यांच्या फोनवर उघडणारं. कांदा चाळीत, म्हणजे वारा खेळेल अशा फटीफटीच्या कोठारात, भरून पावसाळाभर टिकवायचा कसा, कुणाचा सडला आणि का सडला, हे लोणंद, कोरेगाव, वडूजकडच्या शेतकऱ्यांनी तिथं लिहायचं, आणि आपल्या प्रयोगात काय दिसलं ते श्रद्धानं त्याच्याच खाली लिहायचं. कुणाला लिहायचा कंटाळा, कुणाला लिहिता येत नाही. अशी माणसं फोनवर बोलून पाठवायची आणि वजीरभाई चष्मा नाकावर ओढून ते पानावर उतरवायचे. दोन हंगामांचं असं साठलं होतं. काल त्यांच्या मनात आलं, पान लय लांबलंय, आता माणसं लिहिणार कुठं? पुढचं काम हातांनी सवयीनं केलं.

"चाचा," श्रद्धा अखेर म्हणाली, "तुमच्या फोनवर पुसलं की सगळ्यांचंच पुसतं. आणि हा काही रोजचा भाव नाही, यातलं जुनंच तर कामाचं होतं."

ती मिरजेकडे कुणाच्या तरी शेतात होती. दुपारी संगणकावर बसते, बहुतेक परत मिळेल, पण बघितल्याशिवाय नक्की सांगत नाही, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

वजीरभाई उंबऱ्यावरच बसले. नेमका हाच आठवडा कांदा चाळीत भरायचा. ते पान वाचून माणसं चाळी भरणार होती. तेवढ्यात वडूजच्या दादासो खाड्यांचा फोन आला. माणूस कामाचा, पण तोंडाचा फटकळ. पान कुणी धुतलं, कोण हा शहाणा, असं त्यांनी सुरुवातीलाच विचारलं. श्रद्धानं कुणाचं नाव घेतलेलं नव्हतं. माहीत नाही म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं.

"मीच की रं," वजीरभाई म्हणाले.

मग दादासोंनी जे सुनावलं ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. दुपारी भाकरी पुढं आली तशीच राहिली. नूरजहांनं आधी थट्टा केली, मग नवऱ्याचा चेहरा पाहून शेजारी येऊन बसली.

"माणसांनी विश्वासानं सांगितल्यालं," ते म्हणाले, "आन मी त्येच्यावर फडकं मारलं."

संध्याकाळी नेहमीप्रमाणे सगळे व्हिडिओ कॉलवर जमले. श्रद्धानं सांगितलं की हे पान आपल्या जुन्या प्रती स्वतःच राखून ठेवतं. तिनं एक बटण दाबलं आणि सगळ्यांच्या देखत पान भरलं. चाळीच्या तळाला वारा खेळता ठेवायचं दादासोंचं म्हणणं आलं, कोरेगावच्या अनसूयाबाईंचं आलं, सगळ्यांचं आलं. वजीरभाईंनी इतका मोठा श्वास सोडला की तो सांगलीपर्यंत ऐकू गेला.

मग दादासोंनी घसा खाकरला. रागानं सांगत नाही, म्हणाले, पण पुन्हा हात फिरला तर काय? वजीरभाईंना वाचायचं राहू द्यावं, लिहायचं तेवढं काढून घ्यावं. बोलणं रास्त होतं.

"दादासो बराबर बोलतुया," वजीरभाईच म्हणाले. "काढा." आणि नाकावरचा चष्मा काढून बाजूला ठेवला.

श्रद्धाचा हात काही चालेना. तेव्हा आजवर बैठकीत एक शब्दही न बोललेल्या अनसूयाबाई बोलल्या.

"मग माजं कोन लिवनार?"

 बाई पदर सावरत पुढं बोलायला लागल्या. "पात कापताना कांद्याची मान पेरभर ठिवा, म्हंजी कांदा सडत न्हाई, हे मी घरात सांगून सांगून दमले. कुनी कान दिला न्हाई. वजीरभाईंनी मी बोलले तसं पानावर लिवलं, तवा माजा ल्योकच मला वाचून दाखवतोय. म्हनतो, आये, बघ, कुनीतरी काय झ्याक सांगितलंय."

आधी दादासोच हसले, मग सगळे. हसू ओसरल्यावर दादासो म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग. पर भाई, हात जरा बांधून ठिवा."

 वजीरभाईंनी दोन्ही हात जोडून दाखवले. श्रद्धानं काही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर अनसूयाबाईंनी बोलून पाठवलेला निरोप आला. चाळ अर्धी भरून झाली होती, आणि यंदा पेरभर मान ठेवून पात कापायला मुलगा स्वतः बसला होता. वजीरभाईंनी ते ऐकलं आणि कालच्या मजकुराखाली सावकाश उतरवलं. काम झालं तरी त्यांनी फोन खाली ठेवला नाही. बोटानं पान वर सरकवत ते वाचत राहिले. नूरजहां चहा घेऊन आली.

"नवीन काय आलंय?"

"न्हाई. कालचंच हाय, परवाचंच."

"मग एवढं काय बघतायसा?"

"हाय न्हवं," वजीरभाई म्हणाले, "त्येच बघतुया."