चार टक्क्यांची मोटार

त्या हिवाळ्यात मित्सुएने मोटार तीनदा उसवली आणि तीनदा पुन्हा गुंडाळली. चाकाच्या हबमध्येच बसणारी, जेवणाच्या थाळीएवढी मोटार. कारखान्यात तीस वर्षं तिने हेच काम केलं होतं, पण तिथे घाई असे. इथे घरामागच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, बाहेर खिडकीपर्यंत बर्फ साचलेला असताना, ती तांब्याच्या तारेचा एकेक वेढा बांबूच्या पट्टीने दाबून शेजारच्या वेढ्याला भिडवायची.

पलीकडे तिचा नवरा तोकुजी जाड जाकीट घालून गाडीचं कवच घासत बसे. तीन चाकं, कार्बनच्या कापडाचं कवच, आत पाठीवर झोपून चालवायची गाडी. सगळी मिळून अठ्ठावीस किलो. दर मे महिन्यात ओगाता गावच्या शर्यतीत दोघं ती उतरवत. सगळ्यांना सारखीच बॅटरी आणि दोन तास. जो जास्त अंतर जाईल तो पहिला. तेरा वर्षं ती बांधत आली होती, तो चालवत आला होता.

"हा स्क्रू कापलास?" तोकुजीने विचारलं.

"दोन मिलिमीटर जास्त होता."

"उद्या माझे दात काढायला सांगशील."

"खोटेच तर आहेत. काढून ठेवा."

एप्रिलमध्ये रस्ते मोकळे झाल्यावर कालव्याकाठी चाचणी घेतली. वेग गेल्या वर्षीइतकाच, ताशी पस्तीस. वाऱ्याचा फरक जावा म्हणून जाताना आणि येताना, असं तीनदा मोजलं. वीज चार टक्के कमी लागत होती. मित्सुए वही घेऊन गाडीमागे धावत आली.

"अहो, चार टक्के! नुसत्या गुंडाळणीत चार टक्के!"

आत झोपलेला तोकुजी तिच्याकडे बघत राहिला. "मग? तीस वर्षं काय उगाच तारा गुंडाळल्यास?"

शर्यतीच्या आदल्या दिवशी तपासणी होती. सडपातळ माणसाला फायदा मिळू नये म्हणून चालक, लागल्यास जादा वजन बांधून, सत्तर किलोचा भरावा लागे. तोकुजी कायम बासष्टचा. त्यामुळे शिशाच्या गोळ्यांच्या एकेक किलोच्या आठ पिशव्या सीटमागे कायमच्याच बांधलेल्या होत्या.

काट्यापाशी जुना मित्र कोदामा बसला होता. "चढा तोकुजीसान. बासष्ट लिहूनच ठेवलंय."

तोकुजीने जाकीट काढलं आणि काट्यावर चढला. एक्कावन्न.

कोदामाने त्याला उतरवलं, काटा शून्यावर आणला, पुन्हा चढवलं. एक्कावन्न. मग स्वतः चढून पाहिलं. काटा बरोबर होता. तो मान खाली घालून लिहिण्याचं नाटक करू लागला.

मित्सुएचं डोकं सवयीने चालू लागलं, तिला ते थांबवता येईना. गाडी, माणूस, शिसं मिळून अठ्ठ्याण्णव किलो. त्यातले अकरा गेले. चाकांचं घर्षण वजनाच्या प्रमाणात. त्या वेगाला निम्म्याहून जास्त वीज हवा खाते, घर्षण पाचातले दोन भाग. म्हणजे नुसत्या घटलेल्या वजनानेच बचत चार टक्क्यांच्या आसपास. मोटारीच्या वाट्याला काहीच उरत नव्हतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"नोव्हेंबर. जठराचं आहे. कापून उपयोग नाही म्हणाले."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू दुसऱ्यांदा मोटार उसवायला घेतली होतीस. हातातली पट्टी खाली ठेवली असतीस."

"चाचणीच्या दिवशी तरी!"

"त्या दिवशी तर मुळीच नाही. तुझं तोंड बघितलं होतं मी."

कोदामा घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, चालक बदलता येतो. तुम्ही चालवा."

"यंदा मला चालवू दे, मित्सुए," तोकुजी म्हणाला.

ती शेतकऱ्यांच्या दुकानात गेली. परत आली तेव्हा तिच्याकडे तांदळाचं दहा किलोचं पोतं आणि एक किलोची पिशवी होती. सीटच्या दोन्ही बाजूंना ती ते ओझं घट्ट बांधत असताना तोकुजी म्हणाला, "माझ्या जागी तांदूळ बसवतेस होय?"

"गप्प बसा. हलला तर वळणावर उलटाल."

दुसऱ्या दिवशी दोन तास ती मोहरीच्या पिवळ्या फुलांपाशी घड्याळ घेऊन उभी होती. प्रत्येक फेरीचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशी सेकंद-दोन सेकंदांनी जुळत होता. शेवटी गाडी थांबली, तेव्हा एकूण अंतरात दोनशे मीटरचाही फरक नव्हता.

दर वर्षी तोकुजीला बाहेर काढायला कोदामा लागायचा. या वेळी तिने काखेत हात घालून एकटीनेच उचललं आणि घडीच्या खुर्चीत बसवलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मोटारीने किती दिले?"

वहीत तिने आयुष्यात आकडा फिरवला नव्हता.

"चार टक्के."

"वाटलंच मला," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

"तांदूळ मी आणतो, वहिनी," कोदामा म्हणाला.

"नको. मी घेते."

दोरी सोडून तिने पोतं आणि पिशवी दोन्ही छातीशी धरली आणि व्हॅनकडे निघाली. अर्ध्या वाटेत ती थांबली, ओझं खाली ठेवून दम घेतला, मग पुन्हा उचललं.