ठोक्यावर आणलेली बाई

दुसऱ्याने शिवलेलं उसवायचं काम मला कधीच आवडलं नाही, आणि हल्ली तेवढंच काम येतं. इथे जावा बेटावरच्या सोलो शहरात मी गामेलानचं, म्हणजे गाँग-ढोलांच्या आमच्या वाद्यवृंदाचं, ध्वनिमुद्रण करते, मग जकार्त्याच्या कंपनीतला कुणीतरी उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा त्यात हात घालतो आणि निस्तरायला परत माझ्याकडे.

त्या दुपारी गामेलान मंडळाचे प्रमुख पाक दारमादी येऊन बसले; आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बु. ढोल वाजवून पिचलेली बोटं चहाच्या पेल्याभोवती धरून म्हणाले, "वेनिंग, गाण्यातला बु सुकेमींचा आवाज काढ. माझ्या भाचीचा बसवू."

"का?"

"वय झालं त्यांचं. घाई करतात. कंपनीकडून आलेलं ऐक की."

"त्यांना सांगितलंत?"

"तसं कसं सांगणार? गेल्या महिन्यात म्हटलं, बु, आता जरा विश्रांती घ्या. आणि हेच गाणं दिलं घरी ऐकायला. समजलं असेल."

आमच्याकडे 'तुम्ही नकोत' असं कुणी तोंडावर म्हणत नाही. मऊ बोलून गळा कापतात. मी गाणं लावलं.

पहिल्याच ओळीला माझं डोकं फिरलं. गाँग वाजला आणि बु सुकेमी बरोबर त्याच क्षणी हजर. पुढची ओळही ठोक्यावर. आमची गाणारी बाई ठोक्यावर कधी येते का? गाँग वाजतो, ती थांबते, आणि सगळे पुढे गेल्यावर भाजी आणायला निघाल्यासारखी सावकाश मागून येते. गोडी सगळी त्या उशिरात. कंपनीतल्या शहाण्याला पडद्यावर प्रत्येक ओळ मागे पडलेली दिसली असणार, आणि त्याने एकेक उचलून ठोक्याच्या रेघेवर नेऊन ठेवली. वर आपण उपकार केले असंही वाटलं असेल.

"पाक, ही घाई बाईंची नाही. यांनी ओळी सरकवल्यात."

"मग गेलं का आपलं मूळचं?"

"या सॉफ्टवेअरमध्ये काही जात नाही. आवाज खाली जसाच्या तसा असतो. वर नुसत्या सूचना, हे इथून वाजव, ते तिथे ठेव. सूचना काढल्या की झालं."

मी काढल्या. बु सुकेमी पुन्हा मागून आल्या, आरामात. पाक दारमादींनी पेला खाली ठेवला.

"मी ढोल वाजवतो," ते म्हणाले. "मला कळायला हवं होतं."

"हो, हवं होतं," मी म्हटलं. त्यांची समजूत घालण्याइतकी ताकद माझ्यात उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाईंना बोलावून आणलं. बु सुकेमी सोयाबीनच्या तळलेल्या टेंपेची पुडी घेऊन आल्या, माझ्यापुढे ठेवली आणि हेडफोन लावून गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे मी चुकले नव्हते."

"नाही, बु," पाक दारमादी म्हणाले. "चूक आमची. तुमचं राहिलेलं गाणं आजच घेऊ. वाद्यं मुद्रित होऊन तयार आहेत. तुमच्याशिवाय कुणाचा आवाज लागणार नाही."

"ते घरी दिलेलं गाणं मी रोज ऐकत होते," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "वाटलं, कान गेला. घाई करतेय आणि मला कळतही नाही. मग मोजायला लागले. गाँगनंतर बोटांवर तीन मोजायचे, मग तोंड उघडायचं."

"आणि आधी किती मोजायचात?"

"आधी कुठे मोजत होते, बाई?"

त्या काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसल्या. मी वाद्यांचं मुद्रण सुरू केलं. माझ्या शेजारी पाक दारमादी मांडीवर हलकेच ठेका धरून होते. गाँग वाजला. बु सुकेमींच्या मांडीवर एक बोट हललं, दुसरं हललं, आणि थांबलं. ओळीची जागा येऊन गेली, तोंड उघडलंच नाही. मी मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मला त्या कंपनीतल्या माणसाचा राग येईना, पाकांचाही येईना, नुसतं रडू यायला लागलं.

तिसऱ्यांदा गाँग वाजला. चाळीस वर्षं गाणाऱ्या त्या बाईने काचेतून माझ्याकडे बघितलं.

"वेनिंग," त्या म्हणाल्या, "आता ओळ घेऊ का?"