पोटाचा विकार

ताई दवाखान्याच्या नोंदणी खोलीत बसून दिवसभर दुखण्यांना कोड द्यायची. डॉक्टरांनी लिहिलेला रोग वाचायचा, त्याचा ठरलेला कोड शोधायचा, संगणकात भरायचा. त्या दिवशी डबा खाऊन ती नुकती खुर्चीत टेकली, तोच वहिनीचा फोन आला. बाळ्या, म्हणजे ताईचा पाठचा भाऊ, जिन्यावरून पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं.

पडला कशाने, हे घरात सगळ्यांना ठाऊक. पण त्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. बाळ्याला 'बरं नसायचं', 'पित्त व्हायचं'. त्यात धाकट्या बहिणीचं लग्न जुळत आलेलं, मग काय विचारता! मागच्या वर्षी तो इथेच दाखल होता, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं: दारूचं व्यसन, आणि ती एकदम बंद झाली की अंगाला कंप. ते कळल्यावर आई तेव्हा ताईच्या टेबलापाशी येऊन बसली होती.

"तुझ्याच हातात आहे ना गं? पोटाचं काहीतरी लिही."

ताईने व्यसनाचा कोड गाळला होता, जठराच्या सुजेचा तेवढा ठेवला होता. त्या खोलीत हे नेहमीचंच होतं. चांगल्या घरची माणसं यायची, हळू आवाजात बोलायची आणि त्यांचं काम व्हायचं. यालाच आपण माणुसकी म्हणतो.

आताही बाळ्याला इथेच आणलं. हाडांचा डॉक्टर नवा होता. त्याला संगणकात जठराची सूज दिसली. तरी त्याने विचारलं, "दारू वगैरे?"

"छे हो, आमच्यात कुणी शिवत नाही," आई म्हणाली. वहिनीने मान खाली घातली. ताई शेजारीच होती, तीही गप्प राहिली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. पण पुढे बाळ्याचे हात थरथरू लागले, घामाने उशी भिजली. जखमेचा ताप समजून औषध सुरू झालं. ताई काम उरकून वर आली तेव्हा तो चादर ओरबाडत होता.

"ताई, या मुंग्या झटक ना."

चादर स्वच्छ होती. ताई डॉक्टरला बोलवायला वळली तसा आईने तिचा हात धरला. बाहेर बाकावर धाकटीच्या होणाऱ्या सासरची माणसं बसली होती.

"ती जाऊ देत, मग बोल."

ताईने हात सोडवून घेतला. नोकरीचं व्हायचं ते होवो, असं म्हणत ती दारात गेली, डॉक्टरला हाक मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तो रोज पितो. कित्येक वर्षं. इथे आल्यापासून बंद झालीय. मागची नोंद मी बदलली."

डॉक्टर धावला, पण तोवर झटके सुरू झाले होते. एक थांबला की दुसरा. दिवस मावळायच्या आत बाळ्या गेला.

"पहिल्याच दिवशी कळलं असतं तर औषध होतं हो," डॉक्टर म्हणाला. तो रागावला असता तर ताईला सोपं गेलं असतं.

ताईने वरिष्ठांना सगळं सांगितलं, मागची नोंद दुरुस्त करवून घेतली आणि नव्या नोंदीतही खरं तेच भरायला लावलं. आईला ते कळलं.

"गेल्यावर तरी त्याची अब्रू राखायचीस. बेवडा म्हणून लिहिलंस माझ्या लेकराला."

"आजारी म्हणून लिहिलंय, आई," ताई म्हणाली. "तो होता तोवर आपल्यापैकी एकानेही त्याच्या पिण्याला आजार म्हटलं नाही."