लांबवलेला धवला
सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर सोनिवलीतून स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मोरीच्या तोंडाशी, लोखंडी रूळ उभे ठोकले गेले. गर्दी होते म्हणून गाड्या बंद, माणसांनी चालत जावं, असा वरून हुकूम. भाताची बैलगाडी असो की बाळंतिणीची रिक्षा, सगळ्यांना लांबचा वळसा. गाव चिडलं, आणि चिडलेल्या गावाची पुढारी झाली सखू.

हेच मोतीबाईला सलत होतं. मोतीबाई गावची धवलारीण. धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, तिने म्हटल्याशिवाय आगऱ्याच्या घरी लग्न पुढे सरकत नसे. तरणी होती तेव्हापासून बायकांनी तिच्याच तोंडाकडे बघायचं. आता त्याच बायका सखूच्या तोंडाकडे बघत होत्या. सखू म्हणजे कालची सून, अंबरनाथची, सातवी पास. घोषणा ती देणार, साहेबांशी ती बोलणार, आणि परवा तर हळदीच्या घरात धवलारणीसाठी मांडलेल्या पाटावर बायकांनी तिलाच बसवलं. ती चटकन उठून "काकी, तू बस" म्हणाली, त्याने तर मोतीबाईच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला. आपण पोरीवर जळतो आहोत हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून जळणं थांबतं थोडंच!

बुधाजीच्या मुलाचं वऱ्हाड निघणार त्याच सकाळी हुकूम काढणारे साहेब रस्ता बघायला येणार होते. सखूने बेत केला: साहेब आले की लगेच नवरदेवाचा टेम्पो रुळांशी येऊन अडला पाहिजे, म्हणजे गावाचे हाल त्यांना डोळ्यांनी दिसतील. सगळ्यांनी तिची अक्कल वाखाणली. मोतीबाईने ते सगळं ऐकून घेतलं.

धवला पुरा झाल्याशिवाय नवऱ्याने मांडवाबाहेर पाय टाकायचा नाही, हा शिरस्ता. त्या सकाळी मोतीबाईने धवला लांबवत नेला. गावदेवीला आवतण दिलं, मग डोंगरांना, नद्यांना, बुधाजीच्या मेलेल्या आज्या-पणज्यांना. सखू तिकडे मोरीवर वाट बघत होती. बुधाजी आतबाहेर करून शेवटी हात जोडत आला.

"मोती, आवर ना गो. साहेब जाल निघून."

मोतीबाईने डोळे मिटले आणि नवऱ्याच्या मामाकडचे देव बोलवायला घेतले. साहेब निघून जावा, पोरीचं हसं व्हावं, एवढंच तिला हवं होतं. रस्ता गेला खड्ड्यात.

वऱ्हाड मोरीवर पोचलं तेव्हा रूळ उपटून बाजूला पडले होते आणि बायका नाचत होत्या. सखूबरोबर मोरीवर थांबलेल्या अंजनीने धावत येऊन सगळं सांगितलं. टेम्पो येईना, तो येईपर्यंत बायकांनी साहेबाला थांबवून धरलं आणि तो जीपमध्येच ताटकळला. तेवढ्यात मागून एका नवख्या ड्रायव्हरचा विटांचा ट्रक शिरला, त्यामागे भाजीचे टेम्पो. पुढे रूळ, मागे ट्रक, जीप वळेना. साहेब उन्हात असा तापला की त्याने स्वतःच माणसं बोलावून रूळ काढायला लावले. वऱ्हाड वेळेवर आलं असतं तर तो दोन मिनिटांत मान हलवून परत गेला असता.

"सखूनंच उशीर करवला," अंजनी म्हणाली. "काय डोकं हाय पोरीला!"

सखू सांगत होती की मी काही केलं नाही, मलाच घाम फुटला होता. तो तिचा मोठेपणा ठरला. मोतीबाईच्या ओठांवर आलं, अगं, ते मी केलं. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता, का केलंस?

तेवढ्यात बायकांनी तिला पुढे ओढलं. शुभ कामाला जिचा हात लागला तिचं नाव धवलारणीने धवल्यात घालायचं, हीही गावची रीत. सगळ्या जणी आता तिच्याच तोंडाकडे बघत होत्या.

"काकी, सखूच्या नावानं होऊ दे एक."

मोतीबाईने पदर सारखा केला, घसा खाकरला आणि सखूचं नाव घेतलं. आवाज इतका गोड लागला की सखूच्या डोळ्यांत पाणी आलं.