निळ्या गाडीला वाट दिली

पर्यटकांची गाडी चालवणाऱ्या मॉर्व्हनला आज काहीही करून चारला बंद होणाऱ्या बॅलनॅकच्या जुन्या हवेलीत वेळेत पोचायचं होतं, कारण गाडीतल्या म्हाताऱ्या लेनक्सची आई एकेकाळी तिथे स्वयंपाकीण होती, त्याला ते स्वयंपाकघर एकदा बघायचं होतं, आणि उद्या तर त्याचं विमान. पण बाकीचे पाहुणे व्हिस्कीच्या भट्टीतून हलतील तर शपथ.

मग डोंगरातला तो एकाच गाडीपुरता अरुंद रस्ता. समोरून गाडी आली की बाजूला घ्यायची जागा ज्याच्या जवळ, त्यानं मागे जायचं, ही इथली रीत. मॉर्व्हन चारदा मागे गेली, चारदा स्टिअरिंगवरचं बोट उचलून सलाम करत हसली, आतून नुसती धुमसत.

"अगं, घुसव की एकदा," लेनक्स म्हणाला.

"आजोबा, इथे घुसणाऱ्याचं नाव गावभर खराब होतं."

पाचव्यांदा एक निळी गाडी आली. पुन्हा मागे. आतल्या बाईनं अगदी मनापासून हात हलवला.

चारला पाच कमी असताना पोचले, तर दाराला कुलूप. माळी म्हणाला, "कोणी फिरकलंच नाही, म्हणून हवेली दाखवणाऱ्या कर्स्टीबाई किल्ली घेऊन लवकर गेल्या. निळी गाडी दिसली असेल की वाटेत."

"दिसली," मॉर्व्हन म्हणाली. "मीच वाट दिली."

लेनक्स तोवर खिडकीला नाक लावून उभा होता. "चूल कुठल्या बाजूला असेल गं?"