माइक अतांच्या जागी

हे मी लिहिणारच नव्हतो. फोन उघडायचो, दोन ओळी टाइप करायचो, पुसून टाकायचो. कारण गोष्ट माझ्या घरातली नाही. मशीन तेवढं माझं. पण परवा खुद्द अताच, म्हणजे माझ्या दोस्ताचे आजोबा, म्हणाले, "लिही रे मेदेर, लिही. फक्त मी तरुणपणी देखणा होतो, तेही घाल." तर घातलं. अता तरुणपणी देखणे होते.

मुळात मला फक्त होम थिएटरच्या रिसिव्हरबद्दल लिहायचं होतं. ग्रुपवर लोक टाकतात ना, वापरून कसं वाटलं, तसं. माझा वापरलेला, बिश्केकच्या बाजारातून आणलेला. काळं जड खोकं, पाठीमागे भोकंच भोकं. कुठली वायर कुठे जाते ते मी व्हिडिओ बघून शिकलो, तेही दुसऱ्याच मॉडेलचे. सोबत पाच स्पीकर आणि एक ते ढुम्म करणारं डबडं. आमच्याकडे माझी खोली इतकी लहान की मागचे स्पीकर लावले तर ते मांडीत येतात. वर बहिणीची पोरं वायरी चावतात. म्हणून सगळं उचललं आणि कुबातकडे नेलं.

कुबात शाळेपासूनचा दोस्त. कोचकोर गावाच्या अगदी टोकाला घर, पुढे नुसती बटाट्याची शेतं आणि डोंगर. त्याला आजोबांनी वाढवलं. आमच्यात पहिला नातू आजी-आजोबांना देतात, तसा तो दिलेला. म्हणून आजोबांनाच तो अता म्हणतो, म्हणजे बाप, आणि बिश्केकला राहणाऱ्या सख्ख्या बापाला नावाने हाक मारतो. आजी गेली. आता घरात अता, कुबात आणि त्याची बायको अयपेरी. मी तिला जेंगे म्हणतो, वहिनीच ती. आमच्यात दीर-जेंगेला एकमेकांची चेष्टा करायचा हक्क असतो. तो दोघांना असतो, पण वापरते तीच.

खोकं गाडीतून उतरवताना कुबात म्हणाला, "अता दाराजवळ बसतायत."

"मग बसू दे की. ऊन खात असतील."

"बाहेर नाही रे. आत. जेवायला. दाराजवळ."

मी खोकं खाली ठेवलं.

दाराच्या थेट समोरची भिंत म्हणजे तोर. तिथे रजयांची रंगीत चळत छतापर्यंत रचलेली असते, आणि तिच्यापुढे घरातला सगळ्यात मोठा माणूस बसतो. मग वयाप्रमाणे दोन्ही बाजूंनी बाकीचे. दाराजवळ सगळ्यात शेवटी चहा ओतणारी सून. आणि अता, ज्यांच्याशी अर्धं गाव उभं राहून बोलतं, ते उठून सुनेच्या जागेवर जाऊन बसत होते.

"मी हाताला धरून तोरवर नेतो," कुबात म्हणाला. "बसतात. दोन घास खातात, कुणाशी बोलत नाहीत, आणि उठून परत दाराजवळ. काय चुकलं विचारलं तर म्हणतात काही नाही. आणि आता म्हणतात, बटाटे निघाले की मी अत-बाशीला जातो. आत्याकडे. राहायलाच."

"कायमचे?"

"कायमचे. लोक काय म्हणतील ते सोड. मला सांग, मी असं केलं तरी काय?"

त्याचा चेहरा बघवत नव्हता. तर रिसिव्हर आता त्यासाठी लावायचा ठरला. लहानपणी अता त्याला खांद्यावर बसवून गावच्या क्लबात सिनेमाला न्यायचे. आता सिनेमाच घरात आणायचा, असा बेत. अतांचं मन रमेल, ते थांबतील.

टीव्ही पूर्वेच्या भिंतीला होता, समोर पश्चिमेला मोठी चूल, मातीची, खोलीइतकीच जुनी. मी पुढचे स्पीकर टीव्हीशेजारी लावले, मागचे चुलीच्या दोन बाजूंना. मग आवाज जुळवायचं काम. रिसिव्हरसोबत एक छोटा माइक येतो. तो बसायच्या जागी ठेवायचा. मशीन एकेका स्पीकरमधून खर्रर्र आवाज सोडतं, माइक ऐकतो, आणि मशीन ठरवतं कुणाला किती जोर द्यायचा.

पुस्तिकेत लिहिलं होतं: माइक मुख्य आसनावर ठेवा. कुबातला कोण आनंद.

"बघ! मशीनलासुद्धा तोर कळतो!"

मलाही ते पटलं. मुख्य आसन म्हणजे तोर, यात विचार करण्यासारखं काय होतं? उलट्या बादलीवर लोड, लोडावर माइक, सगळं तोरवर. बटण दाबलं. सगळे श्वास धरून बसलो. पहिली खरखर सुरू झाली आणि दार उघडलं.

"अस्सलामु अलैकुम!" शेजारचे सादिर काका.

आता सलामाला उत्तर न देणं शक्य आहे का? आम्ही सगळ्यांनी एका सुरात दिलं. मशीन थांबलं. पडद्यावर आलं, आजूबाजूला आवाज फार आहे.

"मी काय केलं?" काका म्हणाले. "सलामच तर केला."

"तेच केलंत, काका."

"मग आता तुमच्याकडे सलाम करायलाही मशीनला विचारायचं?"

जेंगेने भाकरी पुढे केली. दारात आलेला माणूस भाकरीचा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय जात नाही. काकांनी तुकडा मोडला, सायीत बुडवला, बसले, दुसरा मोडला. मशीन ताटकळत होतं. काकांना त्याचं काही नव्हतं. जाताना म्हणाले, "चालू दे तुमचं, मी काय अडवलंय?"

काका गेल्यावर कुबात म्हणाला, "नुसत्या बादलीवर नको. अतांनाच तिथे बसव. त्यांच्या कानाशी माइक धरू. त्यांच्यासाठीच आहे ना सगळं!"

अता दाराजवळून उठले, तोरवर येऊन बसले. मी त्यांच्या टोपीशेजारी माइक धरला. बटण दाबलं.

टीव्हीकडचा स्पीकर खरखरला. जेंगे दचकली, तिच्या हातातली कपबशी वाजली. मग दुसरा. अता शांत. गुडघ्यावर हात ठेवून, समोर बघत. मग टीव्हीखालचा मधला. अता मला म्हणाले, "सुरू कधी करणार, बाळा? मला मेंढ्या बघायच्यात."

स्पीकर तेव्हा खरखरतच होता.

कुबातने जेंगेकडे पाहिलं. मग आवाज चुलीकडच्या स्पीकरवर गेला, त्यांच्या उजव्या अंगाला. अतांची मान वळली. "हां," ते म्हणाले. "आत्ता लागलं."

बोलून गेल्यावर त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. आम्हाला कळलंय ते. ते सावकाश उठले, दाराजवळ गेले, आपल्या जागी बसले. मशीनने पुन्हा तेच लिहिलं. या खेपेला खोलीत चिटपाखरूही बोलत नव्हतं, माझाच हात हलला होता.

आम्ही तिघं अंगणात गेलो. कुबात कुंपणाला टेकला.

"डावा कान," तो म्हणाला. "तोरवर बसलं की टीव्ही डाव्या हाताला. आणि उजव्या हाताला काय, चुलीवरची किटली."

"आणि पाठीमागे रजया," मी म्हणालो. "उरलासुरला आवाज त्या पिऊन टाकतात."

"दाराजवळ बसलं की तोंड इकडे. मग टीव्ही उजव्या हाताला. देवा रे! आणि मी रोज त्यांना हाताला धरून बहिऱ्या जागी नेऊन बसवत होतो. मानाने!"

जेंगे कपबशा विसळत होती. वर न बघता म्हणाली, "चहा देताना डावीकडून विचारलं तर ते माझ्याकडे बघत नाहीत. उजवीकडून विचारलं तर दूध किती ते सांगतात."

"तुला माहीत होतं?"

"चहा कोण ओततं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सुनेने आजेसासऱ्यांच्या कानाची चर्चा करायची? आणि तुम्हाला सांगून तरी काय. तुमचे दोन्ही कान शाबूत आहेत, ऐकता का?"

मी हसलो. तिने ओला चमचा माझ्यावर झटकला. "तू नको हसू. तू तर त्यांच्या कानाला माइक लावून बसला होतास."

मग विचार सुरू झाला. टीव्ही दुसरीकडे हलवावा तर तिथे चूल. चूल काही हलत नाही. अतांना तोरवरच उलटं बसवावं तर सगळ्यांकडे पाठ. दाराजवळच बसू द्यावं, तर पाहुणा आत येतो आणि पहिला त्यांच्याच पायाला ठेचकाळतो. शिवाय अता स्वतःच ते सहन करत नव्हते, म्हणून तर अत-बाशीला निघाले होते. सुनेच्या जागी बसायचं आणि का ते सांगायचं नाही, त्यापेक्षा लेकीकडे पाहुणा म्हणून राहिलेलं बरं.

"डॉक्टर?" मी विचारलं.

"आधी कान गेलाय हे तरी कबूल करू देत."

मी वैतागून म्हणालो, "माइक ठेवायला चांगली जागा एकच आहे, आणि नेमकं तिथे दार आहे."

कुबात माझ्याकडे बघत राहिला. मग आत गेला आणि तोरवरच्या रजया उतरवायला लागला.

चळतीमागे जुनं दार होतं. मी विसरलोच होतो. पूर्वी गोठ्याकडून ये-जा होती तेव्हाचं. दक्षिणेला नवा ओटा झाला, तिकडच्या भिंतीत नवं दार काढलं, आणि हे बंद करून त्यावर रजया रचल्या. कुबातने कडीवर हातोडी मारली, खांदा लावला. दार कुरकुरत उघडलं. थंड वारा आला आणि शेणाचा वास.

"काय चाललंय?" अतांनी आपल्या जागेवरून विचारलं.

कुबात फिरून त्यांच्या उजव्या बाजूला गेला, उकिडवा बसला. "अता, ओट्याचं लाकूड कुजलंय. कुणाचा पाय जाईल. यापुढे सगळ्यांनी या दाराने यायचं."

"कुजलंय?" अता म्हणाले. "तो ओटा मी घातलाय. तो तुझ्या नातवालाही पुरेल."

  अतांनी उघड्या दाराकडे पाहिलं. मग मागे वळून आपल्या पाठीशी असलेल्या दाराकडे पाहिलं, जे आता बंद होणार होतं. बराच वेळ दाढी खाजवली.

"पण तू म्हणतोस," ते म्हणाले, "तर कुजलं असेल."

आम्ही रजया एकेक करून त्यांच्या पाठीमागे रचल्या. ते जागचे हलले नाहीत. म्हणाले फक्त, "ती लाल वर. तुझ्या आजीची आहे." जेंगेने चहाचं सामान उचललं आणि खोली ओलांडून गोठ्याकडच्या दाराजवळ जाऊन बसली. झालं. दारासमोरची जागा ती तोर. अता बसले होते तिथेच होते, तोर त्यांच्याकडे चालत आला होता.

माइक पुन्हा लावला. या खेपेला मी लोडावरच ठेवला, माझा हात लांब. टीव्हीकडून खरखर आली तसं अतांनी बोट वर केलं. दुसरा, पुन्हा बोट. चुलीकडच्यांना बोट नाही, पण मधल्याला दोन बोटं. मशीनने हिशोब केला आणि लिहिलं, झालं. मी मधला स्पीकर हाताने आणखी थोडा वाढवला. माणसांचं बोलणं त्यातूनच येतं.

सादिर काका मात्र सवयीने ओट्याच्या दारावर गेले, ढकलून ढकलून दमले, मग गोठ्याला वळसा घालून बूट शेणाने भरवून आले. "आधी सलामाला मशीन," ते म्हणाले, "आता दारही पळवलं! उद्या मी आलो आणि घरच नसलं तर?" मग समोर पाहिलं. भरल्या चळतीपुढे अता. काका नीट झाले, छातीवर हात ठेवून सलाम केला. अतांनी खोलीच्या त्या टोकाहून उत्तर दिलं, आणि वर म्हणाले, "बूट बाहेर काढ, सादिर. वास इथपर्यंत येतोय."

बटाटे निघाले. आत्याचे यजमान गाडी घेऊन आले. आम्ही सिनेमा बघत होतो. परदेशी, रशियन बोल चढवलेला, म्हणजे आमच्याकडे नेहमी असतो तसा: एकच माणूस कंटाळलेल्या आवाजात नायकाचंही बोलतो, नायिकेचंही, आणि तिच्या आईचंही. त्या आईने जावयाला काहीतरी सुनावलं आणि खोलीत पहिलं कोण हसलं तर अता. आमच्या आधी. खळखळून. टोपी मागे सरकली. कुबात पडद्याकडे बघतच नव्हता, त्यांच्याकडे बघत होता. त्याला सिनेमातलं काहीच कळलं नसणार.

"सामान कुठे आहे?" जावई बसता बसता म्हणाले. "अंधार पडायच्या आत खिंड ओलांडू."

कुबातने चहाचा वाडगा खाली ठेवला.

"बस आधी," अता म्हणाले. "या सासूचं आणि जावयाचं पटतं का बघू दे."   सिनेमा संपल्यावर म्हणाले, "गाडी रिकामी नेऊ नकोस. बटाटे भर. पोरीला सांग, यंदा चांगले झालेत. हिवाळ्यात तिनेच इकडे यावं, इथे तिला काय काय ऐकायला मिळेल."

जावयांनी कुबातकडे पाहिलं. कुबात केव्हाच पोती उचलायला बाहेर गेला होता. बराच वेळ आत आला नाही. जेंगे म्हणाली, "जा रे, बघ. पोतं जड झालं असेल." मी गेलो. पोतं जड नव्हतं. मी काही न विचारता दुसरं टोक धरलं.

आता अता सगळ्यांना स्वतःच सांगतात, डावा गेलाय, या बाजूला या. नारिन शहरातल्या कानाच्या डॉक्टरकडे जायलाही तयार झालेत. अट एकच, डॉक्टरने उजवीकडे बसायचं.

आणि मला बिश्केकला काम लागलंय. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. कुबात मला टॅक्सीपर्यंत सोडायला आला. जेंगेने वाटेसाठी बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे वडे, तळून दिले होते, त्याची पिशवी त्याच्याच हातात होती आणि त्यातले निम्मे त्यानेच खाल्ले.

"मशीन नेणार असशील ना," तो म्हणाला. रस्त्याकडे बघत.

"मशीन कशाला नेऊ? इतकं जड."

"तुझं आहे."

"माइक नेतोय." मी खिशातून काढून दाखवला. "मशीन तुझ्याकडे राहील, माइक माझ्याकडे."

"मग आम्ही काय करायचं? पाहुणे आले की रजया खाली येतात, खोलीचा आवाज बदलतो, तूच म्हणालास. आणि अतांचा तो दुसरा कान..."

"म्हणूनच नेतोय. आवाज बदलला की फोन कर. कान बदलला तरी कर. घाट बंद असला तर उघडेल त्या दिवशी निघेन. मी येईन, त्यांच्या शेजारी बसेन आणि पुन्हा जुळवून देईन. कितीही वेळा, कुबात. हा शब्द."